लाल दिव्याची गाडी

गाडीत वीज तयार करणारा जुना डायनामो काढून त्याच्या जागी अल्टरनेटर बसवून आणल्यानंतरच्या पहिल्याच रात्री मी आईला घेऊन बाहेर पडले होते. सातारा रस्त्यावरच्या एका सिग्नलला गाडी उभी राहिली. पाऊस भुरभुरत होता, वायपर एका लयीत फिरत होते, पुढच्या रिक्षाच्या पाठीवर माझ्या दिव्यांचा पांढरा, जराही न थरथरणारा प्रकाश पडला होता, आणि ज्यासाठी दोन महिने आणि बऱ्यापैकी पैसे घातले ते काम डोळ्यांसमोर नीट चाललेले पाहून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. तेवढ्यात शेजारी बसलेली आई थोडी पुढे वाकली, डॅशबोर्डकडे निरखून पाहू लागली आणि म्हणाली, "दिवा गेला का गं?" मी म्हटले, "गेला नाही, आई. आता तो लागायची गरजच नाही." ती "बरं" म्हणाली, मागे टेकून बसली आणि खिडकीच्या काचेवरून ओघळणारे थेंब पाहत राहिली. सिग्नल सुटला. घर येईपर्यंत तिने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही.

माझे उत्तर बरोबरच होते, असे मला त्या वेळी वाटले. तरीही ते पुढे बरेच दिवस खुपत राहिले.

गाडी १९५३ सालची मॉरिस मायनर आहे. पुढची काच मधोमध जोडलेल्या दोन तुकड्यांची, इंजिन जेमतेम ८०३ सीसीचे, नंबर मुंबई राज्याच्या काळातला, बी या अक्षराने सुरू होणारा. वळण घेताना दारामागच्या खांबातून जो वीतभर हात बाहेर येतो आणि आतल्या बल्बने उजळतो, तो अजूनही येतो. पण पुण्याच्या रहदारीत त्याच्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून त्याच्या जोडीला मी लुकलुकणारे दिवे लावून घेतले आहेत. ही गाडी माझ्या आईच्या वडिलांची. ते वाईला डॉक्टर होते आणि गाडी त्यांनी आधी एकाने वापरलेली अशी घेतली होती. सुरूर फाट्यापासून पसरणीच्या घाटापर्यंत आणि इकडे धोमच्या बाजूला जिथवर चाक जाईल तिथवर ते रात्री-बेरात्री तिने व्हिजिटला जात. जिथे चाक जात नसे तिथे गाडी उभी करून, हातात बॅग आणि बॅटरी घेऊन, पायी.

किल्ली फिरवली की या गाडीत दोन गोष्टी घडतात. बॉनेटखालचा विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप टक्-टक्-टक् असा बोलू लागतो आणि कार्बोरेटर भरला की आपोआप गप्प होतो; आणि डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागतो. मग सेल्फची मूठ बाहेर ओढायची. इंजिन सुरू झाले आणि जरा रेस दिली की दिवा विझे, पाय काढला की पुन्हा मंद पेटे. चुलीतल्या निखाऱ्यावर कोणी थांबून थांबून फुंकर घालावी तसा. आजोबांचा त्यावर एक ठरलेला विनोद होता. कलेक्टरसाहेबांची गाडी गावात आली की ते म्हणत, "आमचीही लाल दिव्याचीच गाडी आहे. त्यांचा दिवा टपावर असतो, आमचा आत." सरकारने २०१७ च्या १ मेपासून टपांवरचे लाल दिवे काढायला लावले तेव्हा आजोबा हयात नव्हते, पण आमच्या घरात त्या दिवशी हा विनोद पुन्हा एकदा होऊन गेला.

त्या दिव्याची रचना मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर तिचे अप्रूप वाटले. दिव्याचे एक टोक बॅटरीकडे असते आणि दुसरे डायनामोकडे. डायनामो हळू फिरत असला की बॅटरीकडचा विजेचा दाब जास्त, म्हणून दिव्यातून प्रवाह वाहतो आणि तो लागतो. डायनामोने वेग घेतला, दोन्हीकडचा दाब सारखा झाला, की दिव्याला सांगण्यासारखे काही उरत नाही. त्याच क्षणाला कटआउटच्या काळ्या पेटीत एक लोखंडी पट्टी खाली बसते आणि डायनामो बॅटरीला जोडला जातो. बॉनेट उघडे ठेवून लक्ष दिले तर तो बारीकसा 'टक' ऐकू येतो. वेग कमी झाला की पट्टी पुन्हा सुटते. सुटली नाही तर बॅटरीच उलट डायनामोमध्ये रिकामी होऊ लागेल. म्हणजे इंजिन नुसते गुरगुरत उभे असताना ही गाडी बॅटरीतून फक्त घेत असते, तिला देत काही नाही. लाल दिवा सांगत असे तो एवढेच.

आई आठ-नऊ वर्षांची असल्यापासून रात्रीच्या व्हिजिटला त्यांच्याबरोबर जात असे. तिच्याकडे दोन कामे होती. एक, पोहोचल्यावर बॅटरीचा झोत धरणे. दुसरे, वाटेत दिव्यावर लक्ष ठेवणे. कुठे रस्त्यात गुरे आडवी आली, कुठे ओढ्याला पाणी आहे का ते पाहायला गाडी थांबली, की इंजिन मंदावे आणि दिवा पेटे. मग आईने म्हणायचे, "लागला." आजोबा एका पावलाने ब्रेक धरून दुसऱ्या पावलाच्या टाचेने हलकीशी रेस देत, आणि दिवा विझला की ती म्हणे, "गेला." इतकेच. रात्रीच्या दहा-पंधरा मैलांत या दोन शब्दांखेरीज बाप-लेकीत दुसरे संभाषण होत नसे, असे आई सांगते. तो दिवा आजोबांना स्वतःला काय दिसत नव्हता? हा प्रश्न तिला पडला तो स्वतःची मुले झाल्यावर. तिला झोप लागू नये म्हणून त्यांनी ते काम काढले असावे, असे तिला आधी वाटे. अलीकडे तिला वाटते की त्यांना स्वतःला झोप लागू नये म्हणून.

डायनामोची देखभाल रविवारी सकाळी होत असे. त्याच्या मागच्या टोकाला तेल सोडायचे एक छोटे भोक असते; आजोबा त्यात दोन थेंब पातळ तेल सोडत, आणि तेही इंजेक्शनच्या काचेच्या सिरिंजने. ती सिरिंज निवृत्त झालेली असे, पण आजीचा त्यावर विश्वास नव्हता. वर्षा-दोन वर्षांनी डायनामो खाली उतरवून ते आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर काढत. तांब्याच्या पट्ट्यांचा तो गोल झिजून काळवंडलेला असे. तो बारीक पॉलिशपेपरने उजळायचा, पेट्रोलच्या बोळ्याने पुसायचा, आणि पट्ट्यांच्या मधला मायका तांब्याच्या पातळीखाली जाईल इतका खरवडायचा. मिस्त्री लोक यासाठी हॅक्सॉचे ब्लेड घासून वापरतात. आजोबा जुने स्कालपेल वापरत. पट्ट्यांवर घासणारे दोन कार्बन झिजून आखूड झाले की ते साताऱ्याहून नवे आणत. तेव्हा ओटीवर एक वास पसरे, तापलेल्या वार्निशचा, कार्बनच्या भुकटीचा आणि किंचित विजेच्या ठिणगीचा. आईच्या लेखी रविवारचा वास हा होता, पोह्यांचा नव्हे.

गाडी माझ्याकडे पुण्याला आली तेव्हा मी सुरुवातीला या डायनामोच्या बाजूची होते. त्याच्यात बिघाड असा नव्हताच. त्याच्या अंगावर लुकासचा शिक्का आणि सी३९ हा नमुना कोरलेला होता, क्षमता १९ अँपिअर, आणि भरवेगात तो तेवढे देतही होता. घोळ मी घातला. जुन्या दिव्यांचा उजेड समोरून येणाऱ्या गाड्यांच्या झोतापुढे दिसेनासा होतो म्हणून मी हॅलोजनचे बल्ब घातले. डिपरला ५५ वॉटचे दोन, म्हणजे ९ अँपिअर. इग्निशन कॉइलचे चार धरा, वायपरचे तीन, मागचे-पुढचे बारीक दिवे मिळून दोन-अडीच. बेरीज साडेअठराच्या घरात जाते. त्यात मोबाइलच्या चार्जरचे पिन खोचले की घर बसले. हा हिशेबही गाडी पळत असतानाचा आहे. डायनामोला नुसते चार्जिंग सुरू करायला मिनिटाला हजाराच्या वर फेरे लागतात आणि पूर्ण १९ अँपिअर द्यायला दोन हजारांच्या आसपास. सिग्नलला उभ्या गाडीत त्याची मिळकत शून्य आणि खर्च साडेअठरा.

एका श्रावणात वाईहून परतताना हा हिशेब पुरता उलगडला. हायवेने आलो तोवर सगळे ठीक होते. जुन्या कात्रज घाटातून उतरलो तोवरही ठीक होते, कारण उताराला गिअरमध्ये ठेवलेले इंजिन चाकेच फिरवत असतात आणि डायनामो मजेत असतो. कात्रजच्या चौकात मात्र वाहतूक गोठलेली होती. पाच मिनिटे, दहा मिनिटे, वीस मिनिटे. लाल दिवा अखंड पेटलेला. आई "लागला" म्हणून थकली. हॅलोजनचा पांढरा प्रकाश पिवळा झाला, पिवळ्याचा नारिंगी झाला, वायपर काचेच्या मध्यावर येऊन विचार करू लागले, आणि मी दिवे बंद करायला हात पुढे करेपर्यंत इंजिनाने मान टाकली. भर पावसात तीन मुलांनी बाइक बाजूला लावून आम्हाला धक्का दिला. बॅटरीत धुगधुगी होती तेवढ्यावर गाडी उचलली आणि आम्ही दिवे न लावता, पुढच्या बसच्या मागे मागे, चोरासारखे घरी आलो.

पसरणीच्या घाटात, मुसळधार पावसात, आजोबांना हा डायनामो कधी कमी पडला नाही. वाई ते पाचगणी एकही सिग्नल नव्हता.

भवानी पेठेतले ऑटो इलेक्ट्रिशियन, ज्यांना मी आणि त्यांची सगळी गिऱ्हाइके मिस्त्री म्हणतो, त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, गाडी चालवायची आहे की ठेवायची आहे?" हा प्रश्न मला लागला. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत मूळ भागांना मान असतो, आणि तो असावाही. परदेशात तर बाहेरून हुबेहूब डायनामो दिसेल अशा नळकांड्यात अल्टरनेटर दडवून विकतात. मला ते पटत नाही. बदल करायचा तर तो उघड्या तोंडाने करावा, सोंग कशाला आणायचे? शिवाय ज्या गाडीच्या मूळपणाबद्दल आपण इतके हळवे होतो ती तर बाजारात येण्याआधीच कापली गेली होती. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९४८ मध्ये ती लोकांपुढे येण्याच्या आधी ऐनवेळी नमुना मधोमध उभा चिरला आणि ४ इंचांनी रुंद केला. बॉनेटच्या मधून जाणारी सपाट पट्टी ही त्या शस्त्रक्रियेची खूण, आणि बंपर आधीच तयार होऊन बसले होते म्हणून त्यांनाही मध्ये ठिगळ लावावे लागले. हे सगळे मी मिस्त्रींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग चालवायची आहे."

कामाची सुरुवात डायनामोपासून होत नाही, बॅटरीपासून होते. त्या काळातल्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांप्रमाणे या गाडीतही बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले होते, आणि आजच्या अल्टरनेटरला ऋण टोक अंगाला लागते. उलटे जोडले तर त्याच्यातले डायोड क्षणात जातात. ऐकायला हे गाडीचे रक्त बदलण्यासारखे वाटते, पण मिस्त्रींनी अर्ध्या दिवसात उरकले. बॅटरी फिरवून ठेवली. धन टोक ऋणापेक्षा जाड असते, त्यामुळे जुने क्लॅम्प एकीकडे बसेनात आणि दुसरीकडे घट्ट होईनात. ते दोन्ही नवे घेतले. इग्निशन कॉइलवरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. सेल्फ, वायपर, हॉर्न, तो बाहेर येणारा हात आणि जुन्या धाटणीचा पेट्रोलचा पंप, यांना दिशेचे काही सोयरसुतक नाही. वीज कुठूनही आली तरी ती मंडळी पूर्वीच्याच बाजूला फिरतात आणि हलतात. सत्तर वर्षे एका बाजूने चाललेला प्रवाह दुसऱ्या बाजूने वाहू लागला आणि हॉर्न अगदी पहिल्यासारखा, किंचित सर्दी झालेल्या आवाजात वाजला.

मग डायनामो उतरवला. तो मी दोन्ही हातांनी घेतला. वजनाला सहा महिन्यांच्या बाळाएवढा भरेल. त्याच्या जागी बसणारा अल्टरनेटर मी एका हाताने उचलू शकले. तो मद्रासजवळच्या पाडीत तयार होणाऱ्या लुकास-टीव्हीएसचा, ३६ अँपिअरचा, जुना पण दुरुस्त केलेला. लुकास हे आडनाव घरातच राहिले, याचे मला उगाच बरे वाटले. डायनामो लांबोळका आणि अल्टरनेटर बुटका, म्हणून एका बाजूचा कान ब्रॅकेटपर्यंत पोहोचेना. शेजारच्या गल्लीतल्या लेथवाल्याने लोखंडी सळईचा तुकडा कातून, मधून भोक पाडून, दोघांमधले अंतर भरून काढणारे बूच करून दिले. ते पहिल्यांदा अडीच मिलिमीटर जास्त झाले आणि पुली बाहेर आली. पंख्याची पुली, इंजिनाची पुली आणि ही पुली अशा तिघी एका ओळीत नसल्या तर बेल्ट कड खातो आणि रात्री-अपरात्री किंचाळतो. मिस्त्रींनी गवंडी लावतात तशी दोरी ताणून, एक डोळा मिटून, ती ओळ पाहिली, बूच परत पाठवले, पुन्हा पाहिली, पुन्हा पाठवले. या एका कामाला सबंध दुपार गेली आणि त्या दुपारी मी चार चहा प्यायले. बेल्ट आधीपेक्षा आखूड लागला.

वायरींवर कापडी वेष्टन होते. त्यांचे मूळ रंग आता एकाच मातकट छटेत विरले होते, म्हणून मिस्त्रींनी मीटर लावून एकेक ओळखली. कटआउटची पेटी उघडली तेव्हा आत दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी बसलेल्या होत्या, एक जोडणी-तोडणीची आणि एक दाब आवरणारी. या दोघींचे काम आता नव्हते. दाब आवरायचे काम अल्टरनेटर स्वतःच्या पोटातच करतो, आणि बॅटरी उलटी रिकामी होऊ नये ही काळजी डायोड घेतात, कारण त्यांच्यातून प्रवाह एकाच बाजूने जातो. सिलिकॉनचे असे स्वस्त, टिकाऊ डायोड मिळू लागले तेव्हाच अल्टरनेटर साध्या मोटारीत येऊ शकला; अमेरिकेत क्रायसलरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये तो दिला. डायनामोत वीज फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि सगळीच्या सगळी त्या दोन कार्बनांमधून बाहेर काढावी लागते. अल्टरनेटरमध्ये चुंबक फिरतो आणि वीज भोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांत तयार होते. त्याच्या कार्बनांना चुंबकापुरता थोडासाच प्रवाह वाहून न्यायचा असतो. म्हणून त्याला लहान पुली लावून कितीही पळवता येते, आणि इंजिन नुसते उभे असतानाही तो पुरेसा वेग पकडतो. जुनी जाड वायर १९ अँपिअरसाठी होती, त्यामुळे बॅटरीपर्यंत नवी, अधिक जाड वायर टाकली. जी बारीक वायर डायनामोच्या फील्डला, म्हणजे चुंबकाच्या गुंडाळीला, जात होती तिला मिस्त्रींनी दिव्याची वायर जोडली. पेटीतून गुंडाळ्या काढून टाकल्या, आणि पेटीचे काळे झाकण मात्र मी परत तिथेच बसवायला सांगितले. सोंगांबद्दलचे माझे मत मिस्त्रींच्या लक्षात होते. ते गालात हसले.

त्यांनी गाडी सुरू केली, हॅलोजन, वायपर, सगळे एकदम लावले, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि मीटरची टोके बॅटरीला टेकवली. १४.२ व्होल्ट. इंजिन मांजरासारखे गुरगुरत होते आणि आकडा हलत नव्हता. माझ्या तोंडून "वा!" निघून गेले. लाल दिवा विझलेला होता. मी पाहिले ते एवढेच. मिस्त्री नंतर पैसे मोजता मोजता म्हणाले, "तो लाल दिवा जपा, ताई. २.२ वॉटचा बल्ब आहे. उडाला की लगेच नवा लावा. त्याच्यामुळेच तर हा जागा होतो." मी मान हलवली, कारण लक्ष दुसरीकडे होते.

आईला मी "गरज नाही" म्हणाले ते त्याच रात्री.

मिस्त्रींच्या वाक्याचा अर्थ मी आठवड्याभराने त्यांना फोन करून विचारला. अल्टरनेटरच्या लोखंडात स्वतःचे चुंबकत्व जवळजवळ शिल्लक राहत नाही. किल्ली फिरवल्यावर बॅटरीतून निघालेला चिमूटभर प्रवाह लाल दिव्यातून जातो आणि फिरणाऱ्या गुंडाळीत पहिले चुंबकत्व जागवतो; तिथून पुढे तो स्वतःचा स्वतः चालतो. तो बल्ब उडालेला असला तर अल्टरनेटर फिरत राहतो आणि देत काही नाही. आधी हा दिवा नुसता बातमी सांगत असे. बातमी सांगणारा मेला तरी डायनामोचे काही अडत नव्हते. आता रोज सकाळी पहिली हाक त्यालाच मारावी लागते. म्हणजे मी आईला दिलेले उत्तर नुसते तुटक नव्हते, साफ चूक होते. मी तिला हे सगळे कागदावर रेघा काढून समजावले. तिने चष्मा लावून रेघा पाहिल्या आणि म्हणाली, "म्हणजे कामावर आहे अजून." मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, "पण सुरुवातीलाच. नंतर नाही."

यावर माझ्याकडे रेघा नव्हत्या.

आता मी रात्री निर्धास्त फिरते. चौकात अर्धा तास अडकले तरी गाणी ऐकत बसते. डायनामो परत बसवायचा विचार माझ्या मनात एकदाही आलेला नाही, आणि जुने तेच चांगले म्हणणाऱ्यांना मी भर पावसात कात्रजच्या चौकात नेऊन उभे करायला तयार आहे. तरीही सिग्नलला थांबले की माझे उजवे पाऊल आपोआप हलके दाबते, आणि इंजिन विनाकारण गुरकावते. ही सवय मला आजोबांनी लावली नाही. मी गाडी शिकले तेव्हा ते नव्हते. ती मला शेजारच्या सीटवरून लागली. गमावलेही काही आहे. बॅटरी पार उतरली तर या गाडीला आता धक्का देऊन उपयोग नाही, कारण जागे करणारा प्रवाहच नाही. डायनामोचे तसे नव्हते. त्याच्या आतल्या लोखंडात आधीचे थोडेसे चुंबकत्व मुरून राहिलेले असते. बाहेरून कोणी काही दिले नाही तरी, फिरवले की तेवढ्या शिदोरीवर तो वीज तयार करू लागतो, आणि तीच वीज स्वतःच्या गुंडाळीला देऊन आणखी जोर धरतो.

मिस्त्रींनी तेव्हा विचारले होते, "हा भंगारात घालू? तांबं आहे आत, भाव येईल." मी नको म्हटले. तो वर्षभर गॅलरीतल्या मांडणीवर, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला, कुंड्यांच्या खताच्या शेजारी पडून होता. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईनेच तो खाली ओढला. वर्तमानपत्र सोडवले, मागच्या टोकाला नाक नेले आणि म्हणाली, "वास आहे अजून. चालत असेल का गं हा?" मी म्हटले, बघू या. मोरीवरच्या जुन्या पाटाला तो दोरीने घट्ट आवळला. त्याच्या पाठीवरची दोन टोके, मोठे आणि लहान, तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडली. गाडीचा एक फालतू बल्ब घेतला, त्याची एक तार त्या टोकांना आणि दुसरी डायनामोच्या अंगाला लावली. बॅटरी कुठेच नव्हती. भिंतीला भोके पाडायच्या ड्रिलमध्ये पान्याचे सॉकेट बसवले, ते पुलीच्या नटावर घातले आणि आईला बल्ब धरायला दिला.

ती पाटासमोर स्टुलावर बसली होती, दोन बोटांत बल्बची तार, डोळे बल्बवर. मी ड्रिलचा घोडा हळूच दाबला. डायनामो आधी कुरकुरला, मग सरळ आवाजात फिरू लागला, आणि गॅलरीत तो वास आला. बल्ब काळाच होता. आणखी थोडा दाबला. काचेच्या आत तारेची एक बारीक लाल रेघ दिसली.

"लागला," आई म्हणाली.

आणि मी, सवयीने, जरा रेस दिली.